काळबादेवीची काच

काळबादेवी म्हटलं की मुंबईच्या माणसाला बाजारपेठ आठवते. ही काळबादेवी ती नव्हे. रत्नागिरीतून साखरतरची खाडी ओलांडून आरे-वारेच्या रस्त्याला लागलं की समुद्राच्या अंगाला जे गाव लागतं, ती ही. इथल्या अंगणांत जाळी पसरलेली असतात आणि पडव्यांत म्हातारी माणसं बसलेली. धोंडूबाईच्या पडवीत मात्र एसी आहे. त्यावरून गावात पुष्कळ बोलून झालं. म्हातारीला आता मडमेसारखं उकडायला लागलं, असंही बोलून झालं. एसी म्हातारीसाठी नाही, काचांसाठी आहे, हे लोकांना पटायला दोन उन्हाळे गेले.

काचा धोंडूबाईच्या लेकीच्या. रुचिरा मोबाइलचे आणि टॅबचे फुटलेले डिस्प्ले नवे करते. फोन हातातून पडला की बहुतेक वेळा वरची काच तेवढी फुटते. खालचा पडदा, ज्यावर चित्र उमटतं, तो धडधाकट असतो. दुकानदार अख्खा डिस्प्ले बदलून मोकळा होतो आणि जुना कोपऱ्यात फेकतो. तो फेकलेला रुचिरा विकत घेते. गरम पाटावर ठेवून बारीक तारेने फुटकी काच सोडवते, जुना गोंद पुसते, नवी काच बसवते आणि मशीनमध्ये दाबून हवेचा बुडबुडासुद्धा आत राहू देत नाही. धुळीचा एक कण शिरला तरी सगळं मुसळ केरात. म्हणून एसी, म्हणून दाराला दुहेरी पडदा, आणि म्हणूनच मासळी साफ करायची ती मागच्या परसात. या शेवटच्या नियमावरून मायलेकींचं एकदा चांगलं वाजलं होतं. जिंकली लेक, पण म्हातारी अजून ते विसरलेली नाही.

रुचिराचं सासर त्याच वाडीत, हाकेच्या अंतरावर. नवरा भावेश जयगडच्या बंदरात टगबोटीवर असतो. बायकोच्या धंद्याबद्दल त्याचं मत विचारलं तर ‘ती म्हणेल ते’ एवढंच तो सांगतो, आणि ते शहाणपणाचं आहे. पडवीत तीन टेबलं. एकावर रुचिरा, दुसऱ्यावर वाडीतली शमिका, तिसऱ्यावर शमिकेची जाऊ. दाराशी, पडद्याबाहेर, धोंडूबाई. तयार डिस्प्ले फोममध्ये गुंडाळून आला की जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने तो बांधायचा, हे तिचं काम. ते तिला कुणी दिलेलं नाही. रबरबँड खाऱ्या हवेत कुजतात आणि चिकटपट्टी सुटते, असं जाहीर करून तिने ते स्वतःच घेतलं. गाठ जाळं विणताना मारतात ती. ती हाताने सुटत नाही, ब्लेडनेच कापावी लागते.

रत्नागिरीतल्या मोबाइलच्या दुकानांत जेवढे म्हणून डिस्प्ले बसतात, त्यांतला मोठा वाटा या पडवीतून जातो. हे दुकानदारांना माहीत आहे, गिऱ्हाइकांना नाही. रामआळीत गुरुप्रसादचं आणि सागरचं दुकान समोरासमोर आहे. पूर्वी दोघांचं एकच दुकान होतं. पाटीवर आधी कुणाचं नाव, यावरून ते मोडलं, आणि आता दोन पाट्या एकमेकींकडे डोळे वटारून उभ्या आहेत. गुरुप्रसादच्या पाटीवर ‘अस्सल डिस्प्ले फक्त आमच्याकडेच’ असं आहे. सागरने त्याच्यापेक्षा वीतभर मोठ्या अक्षरांत ‘नकलेपासून सावध राहा’ असं लिहिलं आहे. दोघांचे डिस्प्ले रुचिराचे. दोघांच्या खोक्यात निळा दोरा.

यात रुचिराला कधी काही वावगं वाटलं नाही, कारण ती ज्या घरात वाढली तिथे हेच चालायचं. धोंडूबाईने उभा जन्म मिरकरवाड्याच्या लिलावातून मासळी उचलून रत्नागिरीत विकली. एसटी स्टँडाजवळच्या दोन खानावळी तिच्या कायमच्या. त्यांचंही आपसांत विळ्याभोपळ्याचं. एक म्हणायचा, समोरचा बर्फातली सुरमई खाऊ घालतो. दुसरा म्हणायचा, त्याची सुरमई सुरमईच नव्हे. सुरमई एकच असायची. डोक्याकडचा भाग एकीकडे जायचा, शेपटीकडचा दुसरीकडे. धोंडूबाईचा नेम साधा होता: आज ज्याच्या दारात मासळीची पाटी आधी उतरली, त्याच्या दारात उद्या नंतर, आणि एकाच्या दारात दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. समोरच्याने आज काय घेतलं, किती घेतलं, कुणाच्या लग्नाची ऑर्डर आहे, असं खानावळवाले गोड बोलून विचारायचे. धोंडूबाई त्या वेळी ठार बहिरी व्हायची.

पुढे रुचिरा आयटीआय करून नवी मुंबईतल्या एका दुरुस्ती केंद्रात लागली. तिथे एक दिवस तिच्यापुढे दोन कंपन्यांचे दोन फोन उघडे पडले होते. या दोन कंपन्या जाहिरातींतून एकमेकींचे वाभाडे काढायच्या. रुचिराने दोन्ही डिस्प्ले उलटे केले तर दोन्हींच्या पाठीवर एकाच कारखान्याची खूण. तिला वाटलं कुणीतरी घोटाळा केला. तिथल्या जुन्या कारागिराने समजावलं, की असे पडदे बनवणारे कारखाने साऱ्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि फोन-टीव्ही विकणारे शंभर. मग वैरी असले तरी सगळे त्याच दारात येतात. एखाद्या कंपनीचा स्वतःच्या घरातला पडद्यांचा कारखाना असतो, तोसुद्धा शेजारच्या वैऱ्याला माल देतो. कुणाचा पुढचा फोन केवढा, कसा, हे पडदेवाल्याला सगळ्यांच्या आधी कळतं, आणि त्याने तोंड उघडलं तर दुसऱ्या दिवशी त्याचा धंदा बसला. रुचिरा ऐकता ऐकता मोठ्याने हसायला लागली. कारागिराने विचारलं काय झालं. ती म्हणाली, हा कारखानदार म्हणजे आमची आये.

तिने नोकरी सोडून काळबादेवीत पडवी चारी बाजूंनी बंद करून घेतली ती या भरवशावर. तंत्र ती शिकून आली होती, पण धंदा तिच्या घरात आधीपासून होता.

तर गोष्ट घडली ती शिमगा सरल्यावर. जयगडच्या बंदरात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराकडे माल तपासणाऱ्या पोरांच्या हातात टॅब असतात. ते लोखंडावर आपटतात, जेट्टीवर पडतात, आणि आठवड्याला ढीगभर फुटतात. ठेकेदाराने ठरवलं की दुरुस्तीचं वर्षभराचं काम रत्नागिरीतल्या एकाच दुकानाला द्यायचं. गुरुप्रसाद आणि सागर दोघेही त्यासाठी धावले, आणि दोघांनीही डिस्प्लेचा भाव रुचिरालाच विचारला. तिने दोघांनाही एकच भाव सांगितला. कुणालाही मिळो, काच आपलीच जाणार, अशा हिशेबाने ती निवांत होती.

गुरुप्रसाद मात्र निवांत नव्हता. एके दिवशी उजाडता उजाडता त्याची स्कूटर अंगणात आली. पडवीचं दार नुकतं उघडलं होतं, शमिका अजून यायची होती. त्याने येण्याची वेळ मुद्दाम निवडली होती. धोंडूबाईच्या हातची मासळी खात तो मोठा झाला होता. दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला, भवानीला, ही बाई कधी नाही म्हणत नाही, मागेल त्या भावात देते, हे त्याने आईच्या पदराआडून शेकडो वेळा पाहिलं होतं. तो पायरीवर बसला आणि म्हणाला की भवानी करायला आलोय.

धोंडूबाईने कौतुकाने लेकीला हाक मारली. रुचिरा बाहेर आली तेव्हा त्याने मागणी सांगितली. बंदराचं काम आपल्यालाच मिळणार, ते जवळजवळ पक्कं आहे. पण आजपासून रुचिराचा सगळा माल फक्त आपल्या दुकानात आला पाहिजे, रामआळीत दुसऱ्या कुणालाही एक काचसुद्धा जाता कामा नये. काम एवढं देईन की हात पुरणार नाहीत, असंही तो म्हणाला. आणि मग हळूच म्हणाला, “भवानी आहे, रुचिरा. नाय म्हणू नको.”

रुचिराने आईकडे पाहिलं. धोंडूबाईचा हात दोऱ्यावर थांबला होता. भवानीला परत पाठवायचं नाही हा नेम आणि एकाची बाजू घ्यायची नाही हाही नेम, दोन्ही तिचेच, आणि या लबाडाने ते एकमेकांवर घातले होते. रुचिरा आत गेली. बंदरावरच्या टॅबचा एक डिस्प्ले नमुन्यासाठी तयार केला होता, सगळ्यांत सफाईदार. तो आणून तिने गुरुप्रसादच्या हातात ठेवला.

“भवानीला पाटीतला पयला मासा निवडून देतात, गुरूदादा,” ती म्हणाली. “पाटी देत नायत.”

गुरुप्रसादचा चेहरा पडला, मग लाल झाला. त्याने तो डिस्प्ले खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, न घेता, आणि स्कूटरला किक मारून निघून गेला. जाताना एवढं मात्र बोलून गेला, की रत्नागिरीच्या पलीकडे जग आहे.

धोंडूबाईला ते फार लागलं. भवानी उठून गेली, असं तिच्या हयातीत झालं नव्हतं. दुपारी सागर आला तो नाचतच. त्याला रामआळीतूनच बातमी लागली होती. सुंठीवाचून खोकला गेला म्हणाला, आणि लगेच म्हणाला की आता त्याला पुन्हा दारात उभं करू नको. रुचिराने त्यालाही तेच ऐकवलं, फक्त मासा न देता. सागर थोडा हिरमुसला, पण माल घेऊन गेला. त्याला दुसरी सोय नव्हती.

संध्याकाळी रुचिरा तो नमुन्याचा डिस्प्ले सागरच्या खोक्यात घालायला निघाली तर म्हातारीने हात धरला. भवानीसाठी काढलेला मासा गिऱ्हाइकाने टाकला तर तो मांजराला जातो, दुसऱ्या गिऱ्हाइकाला जात नाही. डिस्प्ले मांजराला देता येत नव्हता. धोंडूबाईने तो दोऱ्याने बांधून देवाच्या कोनाड्यात ठेवला.

बंदराचं काम गुरुप्रसादलाच मिळालं. त्याने माल कोल्हापूरहून मागवायला सुरुवात केली, आणि पडवीतलं तिसरं टेबल थंड पडलं. शमिकेची जाऊ रोज येऊन टेबल पुसायची आणि बसून राहायची. तिच्या घरी तिच्या कमाईवर पोरीचं कॉलेज चाललं होतं. ती काही बोलायची नाही, आणि तिचं ते न बोलणं रुचिराला जेवताना आठवायचं. तिने दोघींना सांगून टाकलं की कुणालाही घरी बसवणार नाही. सांगितलं ठामपणे, पण त्या काळात तिला भीती वाटत होती, हे खरं आहे. एक फोन केला असता, फक्त तुझंच म्हणाली असती, तर टेबल दुसऱ्या दिवशी भरलं असतं. भावेशने एकदाच विचारलं, करायचा का फोन? ती म्हणाली, आज गुरूदादासाठी सागरला सोडला तर उद्या तिसऱ्यासाठी गुरूदादाला सोडीन, आणि ते त्याला आजच कळेल. मग माझ्याकडे पोटातलं कोण बोलेल? भावेश म्हणाला, तू म्हणशील ते.

पावसाच्या तोंडावर कोल्हापूरच्या एका ठोक व्यापाऱ्याचा फोन आला. कुणाकडे तरी तिचं काम त्याने पाहिलं होतं. त्याला डिस्प्ले हवे होते, पुष्कळ, आणि दर आठवड्याला. रुचिराने आनंदाने हो म्हटलं. त्याने टॅबचं मॉडेल सांगितलं तेव्हा मात्र तिची लेखणी थबकली. त्या मॉडेलचा टॅब या साऱ्या टापूत एकाच ठिकाणी वापरला जात होता, जयगडच्या जेट्टीवर.

व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं नाही. तिने विचारलं नाही. तिसरं टेबल दुसऱ्या दिवशी सुरू झालं.

मग सुरू झाला तो द्राविडी प्राणायाम. काळबादेवीतून खोकं निघायचं, रत्नागिरीला एसटीच्या पार्सलात चढायचं, पालीवरून आंबा घाट चढून कोल्हापूरला जायचं. तिथे व्यापारी त्यावर आपलं सोनेरी लेबल लावायचा. खोकं पुन्हा घाट उतरायचं, पुन्हा पालीवरून रत्नागिरीला यायचं आणि गुरुप्रसादच्या दुकानात उतरायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गुरुप्रसाद गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा की आमचा माल घाटावरचा, इथला लोकल नव्हे. हे रुचिराच्या कानावर यायचं. ती हो का म्हणायची आणि तार फिरवायला लागायची.

एक काळजी तिने घेतली. कोल्हापूरच्या खोक्यांत निळा दोरा नको, नुसती चिकटपट्टी लाव, असं आईला बजावलं. व्यापाऱ्याचा माल त्याच्या नावाने जातोय, आपली खूण त्यात दिसणं बरं नाही. धोंडूबाईला ते पूर्ण पटलं. तिचाच नेम होता तो. पण चिकटपट्टीवर तिचा विश्वास नव्हता. पावसात, घाटात, एसटीच्या टपावर चिकटपट्टी सुटली आणि काच फुटली तर कुणाचं नाव जाईल? म्हणून तिने आधी दोऱ्याने गाठ मारली आणि वरून चिकटपट्टी लावली, दिसू नये अशी. लेकीला सांगितलं नाही. पुष्कळ दिवस निभावलं, कारण व्यापारी वरचं खोकं तेवढं बदलायचा आणि गुरुप्रसादच्या दुकानात माल उघडायचा तो नवा पोऱ्या, ज्याने निळा दोरा कधी पाहिलाच नव्हता.

गणपतीच्या आधी आंबा घाटात दरड आली. रस्ता बंद, पार्सल वर अडकलं. इकडे जेट्टीवर टॅब फुटून पडलेले, ठेकेदार फोनवर फोन करतोय. एकेरी वाहतूक सुरू झाल्याचं कळताच गुरुप्रसादला दम निघेना. तो रेनकोट चढवून स्वतःच पालीपर्यंत गेला, गाडी आली तशी खोकं उतरवून घेतलं आणि बाजारातल्या चहाच्या टपरीत, माल धड आहे की नाही हे पाहायला, फोडलं. चिकटपट्टी ओली होऊन निघाली. आत निळा दोरा होता, आणि ती गाठ.

चहा निवला. वर्षानुवर्षं रोज सकाळी ब्लेडने कापलेली गाठ माणूस विसरत नाही.

तो घरी गेला नाही, दुकानात गेला नाही. पालीहून भिजत थेट काळबादेवीला आला. दुपार कलली होती. पावसामुळे सकाळपासून पडवीत कुणी गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं, भवानी व्हायची होती. गुरुप्रसादने रेनकोटही काढला नाही. खोक्यातला एक डिस्प्ले त्याने धोंडूबाईच्या पुढ्यात ठेवला आणि गाठीवर बोट ठेवलं.

धोंडूबाईने गाठ चाचपून पाहिली. मग हळू म्हणाली, “माजीच हाय.” आणि लेक पडदा सारून बाहेर आली तेव्हा म्हातारीने मान खाली घातली. दोन खानावळवाल्यांना वर्षानुवर्षं खोदून जे तिच्या तोंडातून काढता आलं नाही, ते तिच्या बोटांनी सांगून टाकलं होतं. रुचिराला एका क्षणात सगळं कळलं. राग आला, आणि आईचा तो खाली गेलेला माथा पाहून तो उतरलाही. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

गुरुप्रसादने विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग सांगायचंस ना मला. एक फोन करायचास. गाढवा, माजाच माल घेतोयस, म्हणायचंस.”

“तुज्या दारात कोल्हापूरवाल्याचं नाव कसं काडू, गुरूदादा?” रुचिरा म्हणाली. “सागरच्या दारात तुजं कदी काडलं नाय.”

गुरुप्रसाद पायरीवर बसला. बंदराच्या कामासाठी आपण धावतोय, हे त्याने पहिल्यांदा इथेच उघड केलं होतं. त्याआधी दुकानाचं भाडं थकलं ते, बायकोच्या आजारपणात महिनाभर माल उचलला नाही ते, सगळं या पडवीला माहीत होतं. सागर तर रोज इथे येत होता. त्यातला एक शब्द रामआळीत पोचला असता तर त्याला दुकान चालवणं कठीण झालं असतं. तो पोचला नव्हता. हे इतकं सरळ होतं, आणि ते ध्यानात यायला त्याला आंबा घाटात दरड कोसळावी लागली. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेबरोबर पुष्कळ हलकंही वाटलं.

मग तो म्हणाला की जेट्टीचे फुटके टॅब उद्यापासून इथेच आणून टाकतो. रुचिरा बरं म्हणाली. कोल्हापूरचं काय, असं त्याने विचारलं. त्यावर ती पडदा सारून आपल्या टेबलाकडे वळली, आणि विचारायला नको होतं हे त्यालाही कळलं.

तो उठला तेव्हा धोंडूबाईने त्याला थांबवलं. ती आत गेली आणि देवाच्या कोनाड्यातलं ते जुनं पुडकं घेऊन आली. वर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती.

“ही तुजी भवानी,” ती म्हणाली. “ऱ्हायली व्हती.”

गुरुप्रसादने दोन्ही हातांनी ते घेतलं. खिशातून नोटा काढून तिच्या हातावर ठेवल्या, आणि तिने त्या न मोजता कपाळाला लावल्या. तो अंगणात उतरला. स्कूटरपाशी जाऊन परत वळला, रस्त्याकडे एकदा पाहून घेतलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मावशी, हे आंबा घाटाचं सागरला तेवढं सांगू नका.”

धोंडूबाईने दोऱ्याचं टोक दातात धरलं होतं. ते काढून तिने शांतपणे विचारलं, “कोन सागर?”